नाडी बहात्तर

४ मे १९८१, सोमवार

आलो एकदाचा! बार्शीच्या स्टँडावर कस्तुरा एवढी रडली की बघणाऱ्यांना वाटलं असेल, हा माणूस काशीला निघालाय. अगं बाई, नोकरीला चाललोय, बसून करायची, सावलीतली, असं दहा वेळा सांगितलं, पण बायकोच्या डोळ्यांना कुठला धरबंध. सहा महिन्यांपूर्वी मुंबईच्या धर्मादाय इस्पितळात माझ्या डाव्या खांद्याखाली हृदयाला ठोका देणारं मशीन बसवलं आणि तेव्हापासून लेथवर उभं राहणं बंद झालं. घरात बसून सुपारी कातरायची, एवढाच धंदा उरला होता. तेवढ्यात पिंपरीच्या एका कंपनीच्या टाइम ऑफिसातून कोंडीराम देवकर नावाच्या गृहस्थांचं पत्र आलं. इस्पितळातून तुमचं नाव कळलं, काम हलकं आहे, राहायची सोय आमच्याच घरी. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तशातली गत.

घर पिंपळे गुरवात, पवनेच्या अंगाला. गाव अजून गावच आहे. सकाळी म्हशी नदीवर जातात आणि त्यांच्यामागून पहिल्या शिफ्टचे सायकलवाले. पुढच्या खोलीत कोंडीराम राहतात. मधलं घर आणि स्वयंपाक त्यांच्या थोरल्या बहिणीकडे, यशोदाबाईंकडे. मागची खोली मला. यशोदाबाई पन्नाशीच्या, हाडापेराने मजबूत, कपाळभर कुंकू, दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या. मला दारात बघून म्हणाल्या, लई वाट बघाया लावली. पत्राला उत्तर द्यायला मला चारच दिवस लागले होते, पण गावाकडच्या माणसांचा जीव असाच असतो. पिठलं झकास होतं.

६ मे, बुधवार

या घराला माझा आजार तोंडपाठ आहे! मी काही सांगायच्या आत बाईंनी पाण्याची बादली माझ्या हातून काढून घेतली. डावा हात खांद्याच्या वर न्यायचा न्हाई. समोर हनीफभाईंचं वेल्डिंगचं दुकान हाय, तिकडं मशीन चालू असताना फिरकायचं न्हाई. मी थक्क. विचारलं तेव्हा कळलं की त्यांच्या यजमानांनाही हेच मशीन बसवलेलं. मग काय, एका आळीतली माणसं भेटल्यासारखं झालं. यजमान कुठे असतात विचारलं, तर म्हणाल्या, हाईत की, कुठं जात्यात. फिरतीची नोकरी असेल.

इस्पितळाचं कार्ड बघायला मागितलं. त्यावर माझं नाव आणि मशीनचा नंबर आहे. बाईंना वाचता येतं का कोण जाणे, पण एकेका आकड्यावर बोट ठेवून दोनदा बघितलं आणि पदराने पुसून परत दिलं.

१३ मे, बुधवार

काम म्हणजे ऐष आहे. भोंगा झाला की कामगार ओळीने कार्ड पंच करतात. कुणी दोन मिनिटं उशिरा आला की आपला चेहरा कडक करायचा. शौकत नावाचा एक पोरगेला फिटर रोज उशिरा येतो आणि रोज म्हणतो, राव, तुमचंच घड्याळ पुढे आहे. कंपनीचं घड्याळ रोज रेडिओवर लावतात, ते कसलं पुढे असणार. चावट आहे.

नाडीचं लिहायचं राहिलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे मशीन कुणीतरी दान दिलेलं आहे, तपासून बसवलंय, चालेल तितकं चालेल. रोज सकाळी पूर्ण एक मिनिट नाडी मोजायची. बहात्तर आली म्हणजे ठीक. सहासष्टच्या खाली गेली म्हणजे आतला सेल संपत आला, त्या दिवशी अंगावरच्या कपड्यानिशी मुंबईला यायचं आणि नवं बसवून घ्यायचं. माझं स्वतःचं हृदय आता तिशीच्या वर ठोके देत नाही, तेवढ्यावर माणूस उभाही राहत नाही. सहा महिने मी रोज सकाळी देवाच्या आधी मनगट धरतोय. कधी एकाहत्तर आली की दिवसभर अन्न गोड लागत नाही.

आज बाई म्हणाल्या, आपली नाडी आपण मोजू नये, भेदरलेलं मन आकडे खातं. आमच्या ह्यांची मीच मोजायची. चहाच्या आधी माझ्यासमोर बसल्या, यजमानांचं मनगटी घड्याळ उजेडात धरलं, तीन बोटं माझ्या मनगटावर. बहात्तर. हात कसा मायेचा.

२५ मे, सोमवार

रोज बहात्तर. मी स्वतः मोजायचं साफ सोडून दिलं. काय हलकं वाटतंय म्हणून सांगू! वर्षभरात पहिल्यांदा मला छातीचा विसर पडला. काल बाजारातून चालत आलो, शिट्टी वाजवत. समोरच्या नूरबी, हनीफभाईंच्या बायको, दारात गहू निवडत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि काहीतरी बोलायचं म्हणून तोंड उघडलं, पण आमच्या दारात यशोदाबाई दिसताच सूप उचलून आत गेल्या. भांडण असेल. शेजार म्हटला की आलंच.

कस्तुराला लिहिलं, जुलैत बिऱ्हाड करू, भांडी बांधून ठेव. पत्र टाकायला बाईंनी नेलं.

४ जून, गुरुवार

एक गंमत. बाई रोज ताटात लसणीची चटणी वाढतात. मला लसूण चालत नाही, पित्त होतं, हे मी तीनदा सांगितलं. आज जरा चिडूनच म्हणालो. त्या हसून म्हणाल्या, तुमाला न्हाई हो, त्यांना आवडती. कुणाला? तर भाकरी उलटायला उठल्या.

आणखी एक. बोलताना ही बाई माझ्या तोंडाकडे बघत नाही. आज नीट पाहिलं. बघते ती डाव्या खांद्याच्या खाली, सदऱ्याला उंचवटा आलाय तिथे. ऊन लागतंय का, असं तिथेच विचारते. सुरुवातीला मला लाजाळूपणा वाटला होता. आता सदऱ्याची वरची गुंडी लावून बसतो.

कस्तुराचं उत्तर नाही.

११ जून, गुरुवार

टाइम ऑफिसात भोवळ आली. खुर्चीवर होतो म्हणून निभावलं. शौकतने पाणी दिलं, थट्टा न करता. तो गेल्यावर कंपनीच्या घड्याळावर नाडी मोजली. सदुसष्ट. दुसऱ्यांदाही सदुसष्ट. हाताला घाम सुटला होता, चुकली असेल, भेदरलेलं मन आकडे खातं.

आज सकाळी बाईंनी बहात्तर सांगितली होती.

१२ जून, शुक्रवार

आज मुद्दाम मान खाली घालून पापण्यांतून बघत होतो. बाई घड्याळाकडे बघतच नाहीत! डोळे मिटून बसतात. बोटं मनगटावर, ओठ हलतात, पण ते आकडे नव्हेत. कसल्यातरी गोष्टी सांगतात, म्हैस गाभण आहे, कोंडीरामने पत्रे बदलले, असल्या. घरच्या माणसाला सांगावं तशा. मग डोळे उघडून म्हणतात, बहात्तर.

मी म्हणालो, बाई, काल मला कंपनीत सदुसष्ट आली. त्यांचा चेहरा एकदम कोरा झाला. कंपनीतलं घड्याळ खोटं हाय, म्हणाल्या.

१७ जून, बुधवार, वटपौर्णिमा

सकाळी सहासष्ट. मी मोजलेली.

हे लिहावं की नाही कळत नाही, पण कुणाला सांगू. बाई दहाच्या सुमाराला वडाची पूजा करून आल्या. हिरवं लुगडं, नाकात नथ. मला दुपारची पाळी होती, ओट्यावर बसलो होतो. त्यांनी सरळ येऊन वडाला गुंडाळलेल्या सुताचा उरलेला दोरा माझ्या छातीवरून दोनदा फिरवला, उंचवट्यावर हळदकुंकू लावलं आणि वाकून नमस्कार केला. पायांना नाही. तिथे. मी ताडकन उठलो, ओरडलोच, अहो काय करताय, मी परका माणूस! बाई शांतपणे म्हणाल्या, तुमाला कोण करतंय?

कोंडीराम दारात उभे होते. त्यांनी मान वळवली. घरातल्या पुरुषाने मान वळवली याचीच मला जास्त भीती वाटली. सदरा धुतला, हळदीचा डाग जात नाही.

१९ जून, शुक्रवार

कामावरून परस्पर नूरबींच्या मागच्या दाराशी गेलो आणि विचारलं. त्या आधी रडल्या.

यशोदाबाईंचे यजमान मारुतराव. गेल्या कार्तिकात मुंबईच्या इस्पितळात गेले. म्हणजे वारले. फिरतीवर नाहीत, कुठेच नाहीत. नूरबी म्हणाल्या, आमच्यात मातीला देतात, मशीन तसंच सोबत गेलं असतं. तुमच्यात जाळतात आणि जाळलं तर ते चितेत फुटतं, म्हणून डॉक्टरांनी आधी छातीतून काढून घेतलं. बाईंनी विचारलं, याचं काय करणार? वॉर्डातल्या माणसाने सांगितलं, चालू आहे अजून, एका गरिबाला बसवणार, पुण्य लागेल. त्याला वाटलं, तेवढाच दिलासा. इथे दहाव्याला बायका बांगड्या फोडायला आल्या तेव्हा यशोदाबाईंनी त्यांना हाकलून दिलं. म्हणाल्या, ठोका चालू हाय, कुणाच्या का छातीत असंना. ज्याच्या नवऱ्याचा ठोका चालू, तिचं कुंकू कोण पुसणार? मग कोंडीरामला इस्पितळात पाठवून नाव-पत्ता काढला.

माझं नाव. माझा पत्ता.

नूरबी म्हणाल्या, लहानपणापासून ओळखते तिला, अशी नव्हती हो, गाईसारखी होती. मी ओट्यावर बसून राहिलो. हसूही येत होतं. सहा महिने त्या दात्याला मनातल्या मनात दुवा देत होतो, वाटायचं कुणी शेठ असेल.

२० जून, शनिवार

पासष्ट. डॉक्टरांनी सांगितलेली हद्द ओलांडली.

कुणी शेठने नवंच घेऊन दान दिलं असेल या भरवशावर मी होतो, पण मारुतरावांच्या छातीत ते किती वर्षं चाललं कोण जाणे. त्यांचा सेल मी वापरतोय. मुंबईला निघायचं तर कार्ड हवं, ते ट्रंकेत नाही. बाई नदीवर गेल्या तेव्हा देवघरातला डबा उघडला. कुंकवाच्या करंड्याखाली दोन कार्डं. एक माझं, एक मारुतराव शेलार यांचं. नंबर एकच. त्याखाली मी कस्तुराला लिहिलेली सगळी पत्रं, एकही टाकलेलं नाही. कस्तुराची चार आलेली, फोडलेली नाहीत. शेवटच्या पाकिटावर तिने मोठ्या अक्षरात लिहिलंय, तातडीचे.

वाचून फार रडलो. तिला वाटतंय मी तिला विसरलो.

२२ जून, सोमवार

काल भोवळीने दिवसभर उठवलं नाही. आज स्पष्ट सांगितलं. सेल संपत आलाय, मुंबईला चाललो, हे काढून दुसरं बसवणार. बाईंनी विचारलं, काढल्यावर ह्याचं काय करत्यात? मी म्हणालो, टाकून देतात, आता याच्यात राम नाही. चूक झाली. असं बोलायला नको होतं. कुणाच्याही नवऱ्याबद्दल असं बोलू नये. बाईंच्या तोंडून एक आवाज निघाला, तो मी आयुष्यात विसरणार नाही.

म्हणाल्या, एकदा मेले ते पुरे न्हाई का?

मी पिशवी उचलून निघालो. रस्त्यापर्यंत पोचलो. बसच्या थांब्याचा खांब दिसत होता.

२३ जून, मंगळवार

थांब्यावर पडलो म्हणे. बाहेरगावच्या उतारूंची गर्दी जमली. कोण याचं, कोण याचं, असं चाललेलं. बाई धावत आल्या, कपाळावर कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, म्हणाल्या, माझं मालक हाईत. झालं. कोण विचारतंय पुढे? चौघांनी उचलून मला तिच्या हवाली केलं. मला ऐकू येत होतं, जीभ उचलत नव्हती.

गावातला डॉक्टर आला. कोंडीरामनी त्याला मशीनचं सांगितलं. नाडी बघून तो कोंडीरामवर ओरडला, आजच्या आज मोठ्या इस्पितळात न्या. कोंडीराम हो हो म्हणाले. डॉक्टर गेल्यावर माझ्या पायाशी बसून रडले. भाऊ, दोन दिवस द्या, तिला समजावतो, तुम्हाला नेलं तर ती जीव देईल. अहो, आणि माझा? माझा जीव कुणाच्या हिशेबात आहे का? बहिणीचं मन मोडवत नाही म्हणतात.

बासष्ट.

२५ जून, गुरुवार

साठ. उठून मोरीपर्यंत जातो, भिंत धरून. दाराला बाहेरून कडी असते. बाई गोडच वागते. पेज भरवते. वारा घालते. सगळं त्यांच्यासाठी. मला म्हणते, तुमी जरा गप पडा, त्ये दमल्यात.

नूरबी मागच्या खिडकीशी आल्या, कुजबुजल्या. हनीफभाई टेम्पो घेऊन साताऱ्याला गेलेत, इतवारी सकाळी येतील, आल्याबरोबर थेट मुंबई, कोंडीरामला विचारायचंही नाही. कस्तुराला तार करते म्हणाल्या. हात जोडले मी.

इतवार. तीन दिवस. तीन दिवस काढीन.

२६ जून, शुक्रवार

अठ्ठावन्न.

बाई काही खात नाही. वटपौर्णिमेपासून नीट जेवलेली नाही, आज लक्षात आलं. विचारलं तर म्हणाली, मागं राहायचं न्हाई मला. पुढं जायचंय. अहेवपणी.

किती शांतपणे म्हणाली.

२७ जून, शनिवार

चौपन्न. दोनदा डोळ्यांपुढे—

तिने ऐकलंय. खिडकीतलं. इतवारचं. आज खिडकीला आतून फळी ठोकली. कोंडीरामला म्हणाली, उद्या ओव्हरटाइम हाय ना, जा तू. ते गेले तर— मी हाक मारली त्यांना. ते ओट्यावर थांबले, मला दिसत होते. मग चप्पल घातली.

तिने माझ्या छातीवर कान ठेवला. बराच वेळ. केसांना खोबरेल तेलाचा वास. मला ढकलता आली नाही. म्हणाली, लई हळू चाललाय. थांबा हं. मी आधी.

२८ जून, इतवार, सकाळ

कोंडीराम गेले, पुढच्या दाराला बाहेरून कुलूप लावून.

तिने न्हाऊन हिरवं लुगडं नेसलंय. नथ. आपली ओटी आपणच भरली, नारळ, तांदूळ. मळवट भरला. माझ्या खोलीच्या दाराला आतून कुलूप घातलं, किल्ली कमरेला. वाटीत काय होतं, मला माहीत नाही. मी नको नको म्हणत होतो. यशोदाबाई, नको, अहो ऐका, मी नाही काढत ते, राहू दे, नको. पहिल्यांदाच तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. म्हणाली, तुमाला लई त्रास दिला.

दाराला आडवी पडली आहे.

हलत नाही. हाक मारली—

सेहेचाळीस. चुकलो असेन.

टेम्पोचा आवाज. हनीफभाई. दार वाजवताहेत. यशोदाभाभी, यशोदाभाभी म्हणून. माझा आवाज तिथवर जात नाही. पेला फेकला, तो तिच्या लुगड्यावर पडला, वाजला नाही. ते नूरबीला म्हणताहेत, बाहेरून कुलूप आहे, घरात कुणी नाही, कोंडीरामने नेलं असेल त्यांना.

जाऊ नका. हे पान फाडून फळीच्या फटीतून—

हनीफभाई, आत आहे मी. दार तोडा. ती आतल्या दाराला लागून आहे, पण आता तिला लागणार नाही. मुंबई. लवकर.

आणि नाही जमलं तर ऐका. मला जाळण्याआधी हे काढावं लागेल. काढा, पण कस्तुराच्या हाती देऊ नका. दाखवूसुद्धा नका. ती तशी नाही. पण यशोदाबाई तरी कुठे तशी होती, तुमच्या नूरबीच म्हणाल्या, गाईसारखी. माणूस गेल्यावर त्याचं धडधडणारं काही हाती आलं की कुठलीही बाई— कस्तुराला सांगा, मी पत्रं लिहिली होती, सगळी लिहिली होती, डब्यात आहेत, करंड्याखा